फेरफाराची नोंद

कचेरीचे काम संगणकावर चढवावयाचे तर यंत्राची भाषा आधी शिकली पाहिजे, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः आधी शिकावयाचे असते ते कामकाजाचे वाचन: कोणता कागद कोठून येतो, कोणाच्या हाताखालून जातो, त्यावर काय वाढते आणि अखेर तो कोणत्या दप्तरात विसावतो. प्रणाली-विश्लेषण हे भारदस्त नाव या वाचनालाच आहे. आणि त्याचा वस्तुपाठ एका चहा-केकवाल्या कंपनीकडून घ्यावा लागतो, हे थोडे गमतीचे खरे.

लंडनच्या लायन्स कंपनीने, केंब्रिज विद्यापीठातील एड्सॅक या संगणकाच्या धर्तीवर, 'लिओ' नावाचे यंत्र स्वतःच बांधविले आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये बेकरीतील मालाच्या मूल्यांकनाचे काम त्याच्याकडे सोपविले. यंत्रासाठी कामे आखून देण्याची जबाबदारी डेव्हिड कॅमिनर यांच्याकडे होती. पुढे कंपनीच्या चहागृहांच्या रोजच्या मागणीचा गुंता त्यांच्यापुढे आला. प्रत्येक दुकानाच्या व्यवस्थापिकेने उद्याच्या मालाची यादी पहिल्या ओळीपासून नव्याने करावी आणि मुख्य कचेरीने ती संबंध पुन्हा उतरून घ्यावी, हा व्याप यंत्र कितीही चपळ असले तरी कमी होणारा नव्हता. परंतु सोमवारची मागणी बव्हंशी मागच्या सोमवारसारखीच असते, हे एकदा ध्यानात आल्यावर वारागणिक एक कायम मागणी यंत्राजवळ ठेवण्यात आली. कचेरीतील मुलींनी ठरल्या वेळी फोन करावा, व्यवस्थापिकेने बदल तेवढा सांगावा, आणि तो ऐकता ऐकताच कार्डावर छिद्रे पाडून नोंदला जावा, अशी व्यवस्था झाली. यात यंत्राची हुशारी काही नाही.

आपल्या महसुली दप्तराला ही कल्पना मुळीच परकी नाही. सातबारा कोणी रोज नव्याने लिहीत नाही. खरेदी, वारसा वा वाटणी झाली की फेरफाराची नोंद गाव नमुना सहामध्ये होते आणि ती प्रमाणित झाल्यावर सातबाऱ्यावर तिचा अंमल दिला जातो. स्थायी काय आणि पालटते काय, ही निवड ज्याला साधली त्याला या विद्येचे अर्धे मर्म साधले, असे मी म्हणेन.

वर्तुळे आणि बाण काढून माहितीचा प्रवाह दाखविण्याची टॉम डीमार्को यांची रीत, किंवा वस्तू-वस्तूंमधील संबंध मांडण्याची पीटर चेन यांची १९७६ मधील पद्धत, थोड्या सरावाने हाती येते. अवघड असते ते टेबलाजवळ बसून राहणे.

एका कचेरीत मी बारनिशीच्या टेबलाशी दोन दिवस बसलो होतो. "अर्ज आला की नंबर टाकायचा आणि पुढच्या टेबलाला पाठवायचा, एवढंच," असे कारकुनाने पहिल्याच दिवशी सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी दिसले, की काही अर्जांच्या कोपऱ्यात तो तांबड्या पेन्सिलीने बारीकशी फुली मारतो. पृच्छा केली तेव्हा म्हणाला, "जोडपत्र कमी आहे, हे मागं ठेवायचे." अर्जदार हेलपाटे घालीत होते ते या फुलीपायी, आणि आवक नोंदवहीत तिच्यासाठी रकानाच नव्हता.