मणक्यातलं इंजेक्शन : कशासाठी आणि कुणासाठी?

आज एपिड्युरल इंजेक्शनबद्दल बोलू. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी एक जण विचारतो, "डॉक्टर, मणक्यात सुई घातली की पाय लुळे पडतात ना?" दुसरा म्हणतो, "एकदाच काय ते द्या, म्हणजे दुखणं कायमचं जाईल." दोघांनाही आम्ही आधी चित्र काढून दाखवतो.

मज्जारज्जू आणि नसांभोवती ड्युरा नावाचं जाड आवरण असतं. त्याच्या बाहेरची चिंचोळी जागा म्हणजे एपिड्युरल जागा. सुई तिथपर्यंतच न्यायची, आवरणाच्या आत नाही. शिवाय कमरेत हे इंजेक्शन देतो, तिथे मज्जारज्जू नसतोच. तो वरच संपतो, खाली उरतो नसांचा झुबका. सुई योग्य जागी आहे की नाही, हे आम्ही एक्स-रेच्या पडद्यावर पाहतो. धोका शून्य नाही, पण गंभीर इजा फार विरळ.

आता दुसरा प्रश्न. गादी सरकली की नस दाबली जाते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गादीतला गर बाहेर आला की नसेला सूजही येते, आणि पोटरीपर्यंत जाणारी कळ बरीचशी त्या सुजेची असते. स्टेरॉइड ती सूज उतरवतं. गादी जागेवर बसवत नाही. म्हणून पायात उतरणाऱ्या कळेला याचा उपयोग होतो, नुसत्या कंबरदुखीला फारसा नाही. गुण यायला काही दिवस लागतात आणि तो काही आठवडे, फार तर काही महिने टिकतो.

मग द्यायचं कशाला? कारण सरकलेल्या गादीचा त्रास बहुतेकांचा काही आठवड्यांत आपोआप कमी होतो. तेवढा काळ झोप लागावी, चालता यावं, व्यायाम सुरू करता यावा, यासाठी ही उसंत.

मधुमेह असेल तर आधी सांगा. काही दिवस साखर वाढते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, पण त्या स्वतःहून बंद करू नका.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद झपाट्याने गेली, तर इंजेक्शनची वाट बघायची नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. तिथे उशीर झाला, तर गेलेली ताकद परत येईलच असं नाही.