ताम्रफलक आणि कविता

साहित्य अकादमी पुरस्कारांची यादी महाराष्ट्रात सगळ्यात बारकाईने कोण वाचत असेल, तर स्पर्धा परीक्षेची पोरं. शिरूर अनंतपाळहून लातूरला खोली करून राहिलेल्या मुलाला विचारा. वर्ष, लेखक, पुस्तक, प्रकार हे चारही रकाने त्याच्या जिभेवर असतात. १९६० : खांडेकर, ‘ययाति’. १९७१ : दुर्गा भागवत, ‘पैस’. १९८८ : लक्ष्मण गायकवाड, ‘उचल्या’, हे तर आपल्याच जिल्ह्यातले. पण पाठांतराच्या नादात चौथ्या रकान्याकडे कुणी नीट पाहत नाही. तो रकाना वरून खाली नुसता वाचत गेलं, तर एक गोष्ट डोळ्यात भरते. ज्ञानेश्वर-तुकारामांची म्हणवणाऱ्या या भाषेला अकादमीच्या यादीत कविता दिसायला १९७७ साल उजाडावं लागलं.

भारत सरकारच्या ठरावाने स्थापन झालेल्या साहित्य अकादमीचं उद्घाटन १२ मार्च १९५४ रोजी झालं. पहिले अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. पुरस्कार सुरू झाले १९५५ पासून. मराठीतला पहिला मान लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला गेला आणि दुसरा गेला बा. सी. मर्ढेकरांना. आता मर्ढेकर म्हणजे मराठी नवकवितेचं दुसरं नाव. १९४७ च्या ‘काही कविता’ या संग्रहावर सरकारने अश्लीलतेचा खटला भरला, त्यातून ते निर्दोष सुटले आणि पुढच्या दोन पिढ्या त्यांच्या ओळींवर वाढल्या. अकादमीने त्यांना १९५६ चा पुरस्कार दिला तो ‘सौंदर्य आणि साहित्य’ या समीक्षाग्रंथासाठी. त्याच वर्षी मार्चमध्ये मर्ढेकर गेले होते.

गंमत इथेच संपत नाही. १९९३ चा पुरस्कार विजया राजाध्यक्षांच्या ‘मर्ढेकरांची कविता’ या बृहद्ग्रंथाला मिळाला. म्हणजे मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराला पुरस्कार आहे, मर्ढेकरांच्या कवितेवर लिहिलेल्या पुस्तकाला पुरस्कार आहे. मधली जी मूळ वस्तू, ती कविता, तेवढी यादीत नाही.

हा एकट्या मर्ढेकरांचा योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण कुसुमाग्रजांना १९७४ मध्ये पुरस्कार मिळाला तो ‘नटसम्राट’ नाटकासाठी. शरच्चंद्र मुक्तिबोधांना १९७९ मध्ये ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’साठी. ग्रेस हे नाव उच्चारलं की कवितेशिवाय दुसरं काही आठवत नाही. त्यांना २०११ चा पुरस्कार ‘वाऱ्याने हलते रान’ या ललितलेखसंग्रहासाठी मिळाला. सतीश काळसेकर लघु-अनियतकालिकांच्या चळवळीतले कवी. २०१३ चा पुरस्कार त्यांच्या ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ला. गद्य उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. कुसुमाग्रजांच्या बाबतीत तर अकादमीची बाजूही घ्यायला हवी. ‘विशाखा’ १९४२ ची, तेव्हा अकादमीच नव्हती. पण इतक्या वेळा कवी दारात उभा असताना त्याच्या हातातलं दुसरंच पुस्तक उचललं जातं, तेव्हा निवडीची पद्धत काय आहे ते बघावंसं वाटतं.

अकादमी २४ भाषांना पुरस्कार देते. आठव्या अनुसूचीतल्या २२, शिवाय इंग्रजी आणि राजस्थानी. प्रत्येक भाषेला वर्षाला एकच मुख्य पुरस्कार आणि तो सगळ्या वाङ्मयप्रकारांना मिळून. सत्यजित राय यांनी आरेखलेला ताम्रफलक, शाल आणि रोख रक्कम. रक्कम सुरुवातीला ५,००० रुपये होती. १९८३ पासून १०,०००, १९८८ पासून २५,०००, मग ४०,०००, ५०,००० असं होत २००९ पासून ती एक लाख झाली.

निवडीची घडण साधारण अशी. प्रत्येक भाषेचं एक सल्लागार मंडळ असतं, त्याचा एक निमंत्रक. आधी जाणकारांकडून त्या मुदतीतल्या दखलपात्र पुस्तकांची एक प्राथमिक यादी करून घेतात. ती सल्लागार मंडळाच्या सदस्यांकडे जाते, त्यांच्या शिफारशी येतात, मग परीक्षकांची दुसरी फळी त्यातून आपापली निवड कळवते. शेवटी तिघांची समिती बसते आणि एकमताने किंवा बहुमताने एक नाव काढते. एकही पुस्तक योग्य वाटलं नाही तर पुरस्कार न देण्याची मुभाही तिला आहे. कार्यकारी मंडळाच्या संमतीनंतर निकाल जाहीर होतो, त्यासोबत त्या तिघांची नावंही. निकाल बहुधा डिसेंबरात आणि दिल्लीतला सोहळा पुढच्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास.

मुदतीचा हिशेब जरा चमत्कारिक आहे. पुरस्काराच्या लगतचं एक वर्ष सोडून त्याआधीच्या पाच वर्षांतली पुस्तकं विचारात घेतात. २०१९ च्या पुरस्कारासाठी १ जानेवारी २०१३ ते ३१ डिसेंबर २०१७ या काळातली. या तारखांना किती महत्त्व आहे, हे जी. ए. कुलकर्णींच्या प्रकरणात दिसलं. १९७३ मध्ये ‘काजळमाया’ला पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनकाळावरून शंका निघाली आणि जीएंनी पुरस्कार सरळ परत करून टाकला.

आता या चाळणीतून कवितेचं पुस्तक कसं जातं ते पाहा. समोर पाचशे पानांची कादंबरी, वीस वर्षं राबून लिहिलेला संशोधनग्रंथ, एखादं हादरवून टाकणारं आत्मकथन आणि शेजारी ऐंशी-नव्वद पानांचा संग्रह. कादंबरीच्या बाजूने बोलायला विषय असतो, पट असतो, काळ असतो. ग्रंथाच्या बाजूने तर त्याची संदर्भसूचीच बोलते. कवितेच्या बाजूने बोलायचं म्हणजे ती वाचूनच दाखवावी लागते आणि तिघांनाही ती एकाच जागी भिडावी लागते. तिघांचं एकमत संग्रहापेक्षा ग्रंथावर लवकर होत असणार, असा तर्क यादी पाहून करावासा वाटतो. ब्रिटनमध्ये १९९३ पासून टी. एस. एलियट पुरस्कार फक्त कवितासंग्रहाला देतात. अमेरिकेत पुलित्झरमध्ये १९२२ पासून कवितेचा रकानाच वेगळा आहे. तिथे कवितेची गाठ कवितेशी पडते. आपल्याकडे मध्य प्रदेश सरकारचा कबीर सन्मान हा केवळ कवितेचा. तो विंदा करंदीकर आणि नारायण सुर्वे या दोघांनाही मिळाला. अकादमीचा वार्षिक पुरस्कार या दोघांपैकी एकालाही नाही.

१९७७ मध्ये कोंडी फुटली ती अनिलांच्या ‘दशपदी’ने. आत्माराम रावजी देशपांडे तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडून गेले होते. त्यांचा पहिला संग्रह ‘फुलवात’ १९३२ चा. दहा ओळींचा हा रचनाबंध त्यांनी स्वतः घडवलेला. पाठोपाठ १९७८ मध्ये आरती प्रभूंचा ‘नक्षत्रांचे देणे’. चिं. त्र्यं. खानोलकर १९७६ च्या एप्रिलमध्येच गेले होते, त्यामुळे हा मान मरणोत्तर. मग १९८० मध्ये पाडगावकरांचा ‘सलाम’. प्रेमगीतांचा कवी म्हणून घराघरात ठाऊक असलेल्या माणसाला पुरस्कार मिळाला तो त्याच्या सगळ्यात कडवट, उपरोधिक संग्रहासाठी, हे परीक्षकांचं धाडसच म्हणायचं. त्यानंतर १९८४ मध्ये बेळगावच्या इंदिरा संत, ‘गर्भरेशीम’, वय सत्तर. १९८६ मध्ये ‘खूणगाठी’साठी ना. घ. देशपांडे. हे मेहकरला वकिली करणारे गृहस्थ. त्यांची ‘शीळ’ गो. ना. जोशींच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवरून महाराष्ट्रभर पोचली, त्याला तेव्हा पन्नासएक वर्षं झाली होती.

उशीर हा या यादीचा स्वभावच दिसतो. त्याला अपवाद दिलीप चित्रे. १९९४ मध्ये ‘एकूण कविता - १’साठी त्यांना मूळ पुरस्कार मिळाला आणि तुकोबांच्या इंग्रजी अनुवादासाठी, ‘सेज तुका’साठी, अकादमीचाच अनुवाद पुरस्कारही त्याच वर्षीचा. तुकारामाने आपल्या भाषांतरकाराला असा हात दिला!

अरुण कोलटकरांची कहाणी मात्र उलट्या दिशेने गेली. त्यांना मोठा पुरस्कार आधी बाहेरून आला. ‘जेजुरी’ हे इंग्रजी पुस्तक १९७६ चं; त्याला १९७७ चा कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळाला. खंडोबाच्या पायऱ्या, पुजाऱ्याचं वाट पाहणं, मोडकं दार आणि कधी येणार ते न कळणारी आगगाडी हे सगळं जगभर पोचलं. मराठी कोलटकर मात्र आपल्या चालीने चालले. २००३ च्या सुमारास ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’, ‘द्रोण’ अशी पुस्तकं एकदम आली. ‘भिजकी वही’ जगभरातल्या रडणाऱ्या बायकांची, हायपेशियापासून आजच्या काळापर्यंतची. असं जाडजूड आणि असं एकसंध काव्य मराठीत क्वचित दिसतं. सप्टेंबर २००४ मध्ये कोलटकर गेले. अकादमीचा पुरस्कार २००५ चा.

नामदेव ढसाळांना वार्षिक पुरस्कार कधी मिळाला नाही. अकादमीने आपल्या सुवर्णमहोत्सवात त्यांना जीवनगौरव दिला. विंदांना १९९६ मध्ये महत्तर सदस्यत्व दिलं, म्हणजे पुरस्काराच्याही वरचा मान. पुढे २००३ चं ज्ञानपीठही त्यांना मिळालं. वार्षिक यादीत मात्र विंदा शिरले ते २०२४ मध्ये आणि तेही दुसऱ्याच्या पुस्तकातून. सुधीर रसाळ यांच्या ‘विंदांचे गद्यरूप’ला पुरस्कार जाहीर झाला. मर्ढेकरांच्या वाट्याला निदान ‘कविता’ हा शब्द असलेलं शीर्षक आलं होतं. विंदांच्या वाट्याला इथेही गद्यच!

रसाळ मराठवाड्याचे आणि हा धागा लातूर-नांदेडच्या वाचकाला जवळचा आहे. २००० मध्ये ‘पानझड’साठी ना. धों. महानोर यादीत आले. अजिंठ्याच्या कुशीतलं त्यांचं पळसखेडे मराठवाड्याच्या हद्दीतलं, आणि रानातली कविता खरोखर रानात राबून लिहिणारा हा माणूस. २००९ चा पुरस्कार वसंत आबाजी डहाके यांच्या ‘चित्रलिपी’ला गेला; ते विदर्भाचे. मग २०१७ मध्ये श्रीकांत देशमुख, ‘बोलावे ते आम्ही’. सहकार खात्यात नोकरी, नांदेडला वास्तव्य आणि कवितेत कोरडवाहू शेतकऱ्याचं बोलणं. दोनच वर्षांनी, २०१९ मध्ये, औरंगाबादच्या अनुराधा पाटील यांचा ‘कदाचित अजूनही’. या दोघांच्या आधी परभणीचे आसाराम लोमटे ‘आलोक’ या कथासंग्रहासह २०१६ च्या यादीत आहेत. पुण्या-मुंबईचा पुरस्कार, अशी जी एक तक्रार इकडे पारावर ऐकू येते, तिला ही तीन वर्षं तरी पुरावा देत नाहीत.

शिरूर अनंतपाळच्या कवीला दिल्लीच्या आधी गाठावं लागतं ते लातूरचं जिल्हाधिकारी कार्यालय. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांचं आवाहन निघतं, तेव्हा मुंबईबाहेरच्या लेखकांनी प्रवेशिका आणि पुस्तकं आपल्या जिल्ह्याच्या या कार्यालयात द्यायची असतात. महसुलाची कामं घेऊन आलेल्या माणसांच्या रांगेत कवितासंग्रहाच्या प्रती घेऊन उभं राहायचं, ही कल्पनाच एखाद्या कवितेची आहे. पण शासनाच्या या योजनेत कवितेची स्वतंत्र खुर्ची आहे. प्रौढ वाङ्मयातल्या काव्याला केशवसुतांच्या नावाचा पुरस्कार आणि पहिल्या संग्रहाला बहिणाबाईंच्या नावाचा. इथे कादंबरी आडवी येत नाही. एका वर्षात पहिली आवृत्ती निघालेली पुस्तकंच स्पर्धेला असतात, त्यामुळे संधी एकदाच.

नाशिकचा रस्ता आणखी वेगळा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार १९९१ मध्ये सुरू झाला, दर दोन वर्षांनी, एका पुस्तकाला नव्हे तर लेखकाच्या एकूण कामाला. पहिला विजय तेंडुलकरांना. पुढे विंदा, इंदिरा संत, पाडगावकर, सुर्वे, महानोर, डहाके. अकादमीच्या रकान्यात न बसलेली दोन मोठी नावं, विंदा आणि सुर्वे, इथे आपली कविता घेऊनच आली. कवीच्या नावाने चालणाऱ्या संस्थेकडून तेवढी अपेक्षा होतीच.

अनुराधा पाटलांनंतर अकादमीच्या मराठी यादीत पुन्हा गद्याचा हंगाम आहे. २०२० मध्ये नंदा खरे यांची ‘उद्या’, आणि तो पुरस्कार त्यांनी स्वीकारला नाही. आपण काही वर्षांपूर्वीच पुरस्कार घेणं थांबवलं आहे, असं त्यांचं म्हणणं. मग किरण गुरव यांच्या कथा, प्रवीण बांदेकर यांची कादंबरी, कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ आणि रसाळांची समीक्षा. उदगीरला एप्रिल २०२२ मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं, तेव्हा शिरूर, देवणी, निलंगा, चाकूर या चारही बाजूंच्या लिहित्या माणसांची तिथे गर्दी उसळली. त्या वर्षी निघालेला एखादा संग्रह अकादमीच्या मुदतीच्या हिशेबात पहिल्यांदा बसतो २०२४ च्या पुरस्कारासाठी आणि शेवटचा २०२८ च्या. पाच याद्यांत त्याला कादंबरी, समीक्षा आणि आत्मकथनाच्या शेजारी बसून पाहता येईल. त्यानंतर कवीला नवं पुस्तक काढावं लागेल.