जुनं व्हिनाइल काढताना खालची फरशी जपा

सोनपेठसारख्या मराठवाड्यातल्या गावांत जुन्या घरांना शहाबादी फरशी नाहीतर सिमेंटचा कोबा असतो. कोब्याचे पोपडे निघाले की वर लाकडी नक्षीचं व्हिनाइल चिकटवलं जातं. पुढे त्याच्या कडा वळतात, कुबट वास सुटतो आणि ते काढायची वेळ येते. तेव्हा मिळणारे झटपट सल्लेच जास्त नुकसान करतात.

गैरसमज : व्हिनाइलमुळे ओल येत नाही.
वस्तुस्थिती : ओल खालून येते. काळी माती पावसाचं पाणी फार दिवस धरून ठेवते आणि तो ओलावा कोब्यातून वर चढतो. व्हिनाइलखाली तो कोंडतो, बुरशी धरते. काढल्यावर जमीन सुकू द्या. मग हातभर पारदर्शक प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टी लावून किमान 16 तास ठेवा. आतून पाण्याचे थेंब दिसले, तर नवीन काही अंथरायची घाई नको.

गैरसमज : पेट्रोल, रॉकेल ओतलं की गोंद सुटतो.
वस्तुस्थिती : पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि शेजारच्या खोलीतल्या गॅसच्या ज्योतीनेही भडकू शकते. रॉकेल फरशीत मुरतं. डाग राहतो, नवा गोंद धरत नाही. व्हिनाइल हातभर रुंदीच्या पट्ट्यांत कापा, हेअर ड्रायरने कड ऊबदार करा आणि लांबी भरायची पट्टी आडवी धरून हळूहळू सोलत जा.

गैरसमज : उरलेला गोंद अ‍ॅसिडने निघतो.
वस्तुस्थिती : शहाबादी हा चुनखडीचा दगड. अ‍ॅसिड पडताच फेस येतो, म्हणजे दगडच झिजतो आणि गुळगुळीतपणा कायमचा जातो. गोंद मात्र तसाच. कोब्याचंही तेच. साबणाचं गरम पाणी मुरू द्या, मग खरवडा.

गैरसमज : घासायचं मशीन लावलं की काम झालं.
वस्तुस्थिती : काही जुन्या कडक, चौकोनी व्हिनाइल टाइल्समध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, अशा टाइल्ससाठी भारतीय मानक 3461 होतं. टाइल अखंड असेपर्यंत धोका कमी. घासल्या, फोडल्या की तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन कर्करोगासारखे आजार होऊ शकतात. शंका असेल तर हात लावण्याआधी प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या.

गैरसमज : तुकडे बंबात जाळले तर पाणीही तापेल.
वस्तुस्थिती : व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, शुद्ध पीव्हीसीत वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. जाळल्यावर डोळे-घसा जाळणारा हायड्रोजन क्लोराइड वायू आणि विषारी डायॉक्सिन तयार होतात. त्यांचा पहिला त्रास बंबाजवळ बसणाऱ्यांना, घरातल्या लेकरांना होतो. तुकडे गुंडाळून, बांधून सुक्या कचऱ्यात घंटागाडीला द्या.

दोन दिवस जास्त लागले तरी लागू द्या. नीट सोलून काढलं, तर खालची शहाबादी बहुतेक वेळा धुऊन पुन्हा वापरता येते आणि नव्या फरशीचा खर्चही वाचतो.