तक्रार कोणाकडे करावी?

निवृत्त शाळामास्तरास गांवांत एक उद्योग कायम असतो, आणि तो म्हणजे दुसऱ्यांचे अर्ज लिहून देणें. टेमघरास माझ्याकडे येणारे बहुतेक अर्ज पाण्याच्या नळाचे, शिधापत्रिकेचे किंवा जन्मदाखल्यांतील चुकीचे असतात. परंतु गेल्या श्रावणांत शेजारचे एक गृहस्थ निराळेंच काम घेऊन आले. त्यांच्या हातीं एक मराठी प्रेमकादंबरी होती व तिचें एक पान दुमडलेलें होतें. कॉलेजांत शिकणाऱ्या मुलीनें ती वाचनालयांतून आणली होती. "गुरुजी, हें पान वाचा आणि पोलिस ठाण्यास एक कडक अर्ज लिहून द्या," ते म्हणाले. मीं पान वाचलें. त्यांत नायक-नायिकेच्या चुंबनाचें वर्णन होतें. तें लांबलेलें होतें, थोडें बटबटीतहि होतें. "लेखकास कांहीं लिहिलें आहे का?" असें मीं विचारलें. त्यांस हा प्रश्न विचित्र वाटला. चोरी झाली तर कोणी चोरास पत्र लिहितो का, असें त्यांनीं मलाच विचारलें.

श्रोतेहो, त्यांच्या ह्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा आज विचार आहे. वाचकानें तक्रार अवश्य करावी. परंतु ती कोणाकडे करावी आणि नेमकी कशाबद्दल करावी, हें ठरविल्यावांचून केलेली तक्रार बहुधा फुकट जाते.

प्रथम पोलिस ठाण्याचा व न्यायालयाचा मार्ग घेऊं. तो मार्ग आपल्याकडे एका वाचकानें शेवटपर्यंत चालून पाहिला आहे. १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकांत चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही प्रेमकथा प्रसिद्ध झाली. निशिकांत नांवाचा एक कवि, व्यवसायानें आमच्यापैकींच म्हणजे शाळामास्तर, आणि नीला, वनिता व श्यामा ह्या तिघींशीं आलेले त्याचे प्रेमसंबंध, असें तिचें कथानक. पुण्यांत एका वाचकास हा अंक तरुणांचीं मनें बिघडविणारा वाटला. त्यानें जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीनें लेखक, मुद्रक-प्रकाशक व विक्रेता यांच्यावर भारतीय दंडसंहितेच्या २९२ व्या कलमाखालीं फिर्याद केली. खालच्या न्यायालयानें सर्वांस निर्दोष सोडलें. अपिलांत मुंबई उच्च न्यायालयानें लेखकास व प्रकाशकास दोषी ठरवून २५ रुपये दंड केला. काकोडकर सर्वोच्च न्यायालयांत गेले, आणि ऑगस्ट १९६९ मध्यें तेथें ते निर्दोष ठरले.

जवळजवळ सात वर्षें गेलीं, तीन न्यायालयें झालीं. त्यांतून फिर्यादीच्या पदरांत काय पडलें? सर्वोच्च न्यायालयानें कथेची स्तुति मुळींच केली नाहीं. ती फार वरच्या दर्जाची नसेल, तींत लेखकाची अपरिपक्वता दिसत असेल, असें निकालांत स्पष्ट म्हटलें आहे. परंतु हिणकस असणें आणि अश्लील असणें हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि फौजदारी न्यायालयास त्यांपैकीं दुसऱ्याचाच निर्णय करतां येतो. स्त्रीपुरुषसंबंधाचा उल्लेखच निषिद्ध मानला, तर तरुणांस एकहि कादंबरी वाचतां येणार नाहीं, केवळ धार्मिक ग्रंथ वाचावे लागतील, असाहि त्या निकालाचा आशय आहे. फिर्याद करणाऱ्या वाचकास बहुधा सुरुचि हवी होती. कायद्यापाशीं सुरुचि नसते. अपराध आहे किंवा नाहीं, एवढेंच त्यास सांगतां येतें. मौज अशी कीं, त्याच १९६९ सालीं ह्याच काकोडकरांच्या 'नीलांबरी' कादंबरीवर आधारलेला 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला, आणि लोकांनीं तो उचलून धरला.

शिवाय कायद्याचा काटाहि एका जागीं राहिलेला नाहीं. अशा प्रभावास सहज बळी पडणाऱ्या मनास बिघडविण्याची प्रवृत्ति लेखनांत आहे का, हा दंडक इंग्लंडांत १८६८ च्या हिक्लिन खटल्यांत घालण्यांत आला. १९६४ सालीं मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्यावरील 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ह्या कादंबरीच्या खटल्यांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि त्याचाच आधार घेतला. पुढें २०१४ च्या अवीक सरकार खटल्यांत तो दंडक टाकून समकालीन समाजाची सर्वसाधारण दृष्टि हें माप स्वीकारण्यांत आलें. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली असून तिचें २९४ वें कलम ह्या विषयाचें आहे. साहित्य, कला व विज्ञान यांच्या हिताच्या प्रकाशनास त्यांतहि सूट आहे. तात्पर्य, एखादें पुस्तक मला आवडलें नाहीं, एवढ्यावर ह्या मार्गानें जाण्यांत अर्थ नाहीं.

शेजाऱ्यांस मी हें सांगत असतां त्यांची मुलगी आली. पुस्तकाची मुदत संपत होती व तें तिला परत करावयाचें होतें. आमचें बोलणें तिनें ऐकलें, पुस्तक हातांत घेतलें आणि न दुमडलेलें एक पान आमच्यापुढें धरलें. त्या पानावर नायिका नायकास नकार देते. तो तिची वाट अडवितो, मनगट धरून तिला ओढून गाडींत बसवितो, आणि पुढें थोड्याच पानांनंतर हेंच खरें प्रेम असें तिला पटतें. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हीं दुमडलेल्या पानावर दोघांचीहि खुशी आहे. ह्या पानावर ती नाहीं म्हणते आहे. मग दुमडायचें पान कोणतें?"

वडील गप्प झाले. खरें सांगावयाचें तर मीहि गप्प झालों. शाळेच्या पुस्तकपेटीचा कारभार बरींच वर्षें माझ्याकडे होता. प्रेमवर्णनाचीं पुस्तकें मीं त्या पेटींतून कितीदां तरी बाजूस काढलीं. बळजबरीस प्रेम म्हणणारें पुस्तक मात्र एकदांहि काढल्याचें आठवत नाहीं. तें माझ्या डोळ्यांस कधीं खुपलेंच नव्हतें.

तेव्हां ज्यास आपण सरसकट 'आक्षेपार्ह' म्हणतों, त्याचे निदान तीन प्रकार आहेत. पहिला रुचीचा. वर्णन भडक आहे, पाल्हाळिक आहे, ही तक्रार रास्त असूं शकते. पण ती टीका होय, आरोप नव्हे.

दुसरा प्रकार अप्रिय सत्याचा. १९३३ सालीं ह. वि. मोटे यांनीं 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. लेखिकेचें नांव छापलें होतें विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, मिळवित्या, अविवाहित मुलींच्या मनांतील ओढ व कुचंबणा तींत उघडपणें मांडली होती. महाराष्ट्रांत मोठें वादळ उठलें. लेखिका काय म्हणते ह्यापेक्षां ती आहे तरी कोण, ह्याचीच चौकशी अधिक झाली. पुढें तें टोपणनांव मालतीबाई बेडेकर यांचें असल्याचें सर्वांस कळलें. आज तोच संग्रह मराठी कथेच्या इतिहासांत मानानें उल्लेखिला जातो. त्या वेळीं रागावलेल्यांपैकीं पुष्कळांचा राग वस्तुतः पुस्तकावर नव्हता. आपल्याच घरांतील मुलीचें मन असें असेल, ह्या जाणिवेवर होता. आपली तक्रार ह्या जातीची नाहीं ना, हें प्रत्येक वाचकानें आधीं स्वतःस विचारावें.

तिसरा प्रकार अन्यायास गोड रूप देण्याचा, आणि माझ्या मतें खरी तक्रार येथें आहे. ती लेखकाकडेच गेली पाहिजे, कारण ती दुरुस्त करणें त्याच्याच हातीं असतें. ह्याचें एक जुनें उदाहरण इंग्लंडांतील आहे. सॅम्युअल रिचर्डसन यांची 'क्लॅरिसा' ही कादंबरी १७४७-४८ सालीं भागाभागांनीं निघाली. लव्हलेस नांवाचा मोहक पुरुष नायिकेस फसवून नेतो, तिच्यावर अत्याचार करतो, आणि अखेर ती मरण पावते. शेवटचे भाग निघण्यापूर्वींच लेडी ब्रॅडशे ह्या वाचक स्त्रीनें टोपणनांवानें पत्रें लिहून शेवट गोड करण्याची गळ घातली. रिचर्डसन यांनीं शेवट बदलला नाहीं. पण उत्तरें दिलीं, आणि दोघांचा पत्रव्यवहार पुढें वर्षानुवर्षें चालला. मात्र पुष्कळ वाचकांस लव्हलेसच आवडूं लागला आहे हें ध्यानांत येतांच त्यांनीं पुढील आवृत्त्यांत टीपा व मजकूर वाढवून त्याचें दुष्टपण अधिक स्पष्ट केलें. लेखकानें ऐकणें म्हणजे शरण जाणें नव्हे, हें ह्यावरून दिसतें.

अगदीं अलीकडची गोष्ट पाहा. कॅथलीन वुडिविस यांची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' ही कादंबरी १९७२ सालीं अमेरिकेंत निघाली. तींत बळजबरी करणारा पुरुषच नायक आहे व पुढें तोच प्रियकर होतो. पुस्तक अफाट खपलें आणि त्या साच्याच्या कादंबऱ्यांची लाट आली. पुढें हा साचा मागें पडला, त्यांत प्रेमकादंबऱ्या आवडीनें वाचणाऱ्या स्त्रियांच्याच नापसंतीचा वांटा मोठा होता.

आतां पत्र कसें लिहावें तें सांगतों. पुस्तक पुरें वाचल्यावांचून लिहूं नये. पृष्ठ व आवृत्ति नमूद करावी. पात्र वाईट वागलें ही तक्रार होत नाहीं; लेखकानें त्या वागण्याचा गौरव केला का, हें दाखवून द्यावें. हुकूम सोडूं नये, प्रश्न विचारावा. शिवी देऊं नये आणि खालीं स्वतःचें खरें नांव घालावें. लेखकाचा पत्ता ठाऊक नसला तरी प्रकाशकाचा पत्ता पुस्तकांतच छापलेला असतो.

त्या दिवशीं अर्ज लिहिला गेला नाहीं; पत्र लिहिलें गेलें. पहिला परिच्छेद वडिलांनीं सांगितला, चुंबनाच्या लांबलेल्या वर्णनाबद्दल. दुसरा मुलीनें स्वतः लिहिला, त्या ओढलेल्या मनगटाबद्दल. मीं केवळ ऱ्हस्वदीर्घ तपासलें. लेखकाचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं, आणि येईलच असेंहि नाहीं. परंतु मुलीच्या 'नाहीं' ह्या शब्दाचा अर्थ काय, ह्याविषयीं त्या घरांत बाप आणि लेक प्रथमच मोकळेपणीं बोललीं. पोलिस ठाण्यास गेलेल्या अर्जानें हें घडलें नसतें. पुस्तक दुसऱ्या दिवशीं वाचनालयांत परत गेलें. त्याचें एकहि पान फाडलेलें नव्हतें.