ओटा, गॅलरी आणि सात घरांचं अंगण

सटाण्याच्या जुन्या गल्ल्यांत घर आणि रस्ता यांच्यामध्ये ओटा येतो. ओट्यावर बसलेल्या म्हातारीला कोणाला भेटायला जावं लागत नाही. शाळेतून येणारं पोर, बाजारातून परतणारी सून, मळ्याकडे निघालेला शेजारी आपसूक तिच्यासमोरून जातात. गावाबाहेरच्या बिनशेती प्लॉटांवर मात्र उंच कंपाउंडचे बंगले किंवा खाली पार्किंग आणि वर फ्लॅट अशी बांधणी दिसते. शिकलेली मुलं नाशिक-पुण्याला गेली की मागे राहिलेल्या आईवडिलांना या बांधणीची झळ सर्वात आधी लागते. शेजारधर्म आटला म्हणून आपण माणसांना बोल लावतो. माझ्या मते दोष आधी नकाशाचा आहे.

याला जुना पुरावा आहे. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी-कुटुंबांच्या वसाहतीचा अभ्यास 1950 साली प्रसिद्ध केला. घरं निवडून मिळालेली नव्हती, तरी लगतच्या दारातल्या 41 टक्के जोड्यांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हटलं. मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हे प्रमाण 10 टक्क्यांवर आलं. जिना कुठे उतरतो, टपालपेटी कुठे आहे, यावरही ओळखी ठरत होत्या. मुंबईच्या चाळींनी हेच पिढ्यान् पिढ्या दाखवलं. घरातून बाहेर पडायचं तर गॅलरीतूनच जावं लागे, म्हणून गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीसारख्या ठिकाणी 1893 पासून सार्वजनिक गणपती उभा राहू शकला. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोल्यांतली कुटुंबं 2025 पासून उंच इमारतींतल्या 500 चौरस फुटांच्या घरांत जाऊ लागली. त्यांना ती जागा मिळायलाच हवी होती. प्रश्न एवढाच, की खोली मोठी होताना गॅलरीचं काम आता कोण करणार?

चाळीचे गोडवे गाणाऱ्यांनी विरोधकांचं म्हणणं नीट ऐकावं. सामायिक नळ आणि संडास ही अडचण होती, संस्कृती नव्हे. गॅलरीतल्या नजरांचा जाच सुनांनी आणि वयात आलेल्या मुलींनी सर्वाधिक सोसला. गावातल्या गल्ल्यांचा जिव्हाळा बहुतेक वेळा जातीच्या कुंपणाआत होता. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच जुनं जसंच्या तसं परत आणणं हा उपाय नाही. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी 1980 च्या दशकात नवी मुंबईतल्या बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज आखताना यातला बराच गुंता सोडवला. सात घरं साधारण आठ मीटर लांबीरुंदीच्या एका अंगणाभोवती, अशा तीन गटांची एकवीस घरं त्याहून मोठ्या चौकाभोवती. प्रत्येक घराला स्वतःचा संडास, स्वतःचं मोकळं आवार, आणि शेजाऱ्याशी सामायिक भिंत एकही नाही. दार लावून घ्यायची मुभा राहिली, तरी दार उघडलं की समोर सहाच घरं, सगळी ओळखीची. पुढे अनेक घरं पाडून वाढवली गेली, पण अंगणांची मांडणी टिकली. जातीचं कुंपण मात्र नकाशाने तुटत नाही. ते घरवाटपाच्या नियमातच मोडावं लागतं, आणि तिथे गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांनी ठाम राहायला हवं.

अशी अंगणाभोवतीची मांडणी महागडी आहे, बिल्डरला परवडणार नाही, हा आक्षेप सटाण्यातही येईल. पण राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार 0.4 हेक्टर आणि त्यावरच्या लेआउटला 10 टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. ती कोपऱ्यात, कुलूपबंद फाटकाआड न ठेवता घरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आणली तर विकायची जागा कमी होत नाही. लहान प्लॉटवर जिन्यापुढची जागा थोडी रुंद करून तिथे कट्टा बांधता येतो. हा खर्च थोडा आहे, पण आहे. तळमजल्याची एक बाजू पार्किंगमधून सोडवून तिथे ज्येष्ठांचे फ्लॅट काढावेत, आणि स्वयंपाकघराची खिडकी मुलांच्या खेळायच्या जागेकडे उघडावी. डेन्मार्कमध्ये 1972 साली उभ्या राहिलेल्या सेटेडामेन वसाहतीत कुटुंबांनी बांधकामाआधीच एकत्र बसून वसाहत कशी असावी हे ठरवलं होतं. नोकरदार मंडळी मिळून संस्था काढतात आणि जागा घेतात, ही पद्धत आपल्याकडेही आहे. फक्त पहिली बैठक दर आणि हप्त्यांवर संपते. वास्तुविशारदाला त्याच बैठकीला बोलवावं, आणि सोबत घरातली आजी व शाळकरी नातही असावी.