‘४२५’चं शून्य का झालं?

एका वाचकाचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

सातबाऱ्यावरचे गट क्रमांक वाचणारा प्रोग्राम ते लिहीत आहेत. रुंद अक्षरांची स्ट्रिंग ‘४२५’, अंक देवनागरी, पाया १०, फंक्शन सी भाषेतलं डब्ल्यूसीएसटीओएल, म्हणजे अशा स्ट्रिंगमधून पूर्णांक वाचणारं. विंडोजवर उत्तर येतं ४२५. तोच कोड लिनक्सवर चालवला की शून्य! “चूक कुणाची?” असं त्यांनी विचारलं आहे.

कुणाचीच नाही. लिनक्सवरची जीलिबसी फक्त इंग्रजी अंक ओळखते. मायक्रोसॉफ्टची लायब्ररी अरबी, बंगाली, देवनागरी असे बऱ्याच लिप्यांचे अंक ओळखते. सीच्या मानकानं इंग्रजी अंकांपलीकडे कसलीच हमी दिलेली नाही. जास्तीचं काही स्वीकारायचं की नाही, हे लायब्ररीवर सोडलं आहे. म्हणून विंडोजवर चाललं एवढ्यावर विसंबू नये.

आणि हे शून्य घातक आहे. प्रोग्राम थांबत नाही, तक्रार करत नाही, गट क्रमांक शून्य म्हणून पुढे जातो. या फंक्शनचा दुसरा आर्ग्युमेंट इथेच कामाला येतो. त्यातून मिळणारा, वाचन कुठे संपलं हे दाखवणारा पॉइंटर स्ट्रिंगच्या सुरुवातीलाच उभा असेल, तर एकही अंक वाचला गेलेला नाही. खऱ्या शून्याच्या वेळी तो पुढे सरकलेला असतो.

उपाय चार ओळींचा आहे. युनिकोडमध्ये देवनागरी ० ते ९ हे अंक २४०६ ते २४१५ या क्रमांकांवर ओळीनं बसले आहेत आणि इंग्रजी शून्य ४८वर. स्ट्रिंगची प्रत घ्या, या पट्ट्यातलं अक्षर दिसलं की त्यातून २३५८ वजा करा, मग ती प्रत फंक्शनला द्या. एका शब्दात दोन्ही लिप्यांचे अंक मिसळले असले तरी चालतं. रुंद अक्षरांचं सुख इथे कळतं: यूटीएफ-८मध्ये एकेक देवनागरी अंक तीन बाइट खातो, इथे एक अंक म्हणजे एक घर. विंडोजचं घर १६ बिटांचं आणि लिनक्सचं ३२ बिटांचं असलं तरी हा हिशेब बदलत नाही.

‘१२३/२’ सारखा क्रमांक आला तर? १२३ वाचून पॉइंटर तिरप्या रेघेवर थांबतो. ती रेघच आहे ना हे तपासा, एक घर पुढे जा आणि तिथून पुन्हा फंक्शन बोलवा. हिस्सा क्रमांक २ हाती येईल.

पाया मात्र १०च ठेवा. शून्य दिलात, तर सुरुवातीला शून्य असलेली संख्या अष्टमान धरली जाते. पुण्याचा एसटीडी कोड ०२० तशा पायानं एकदा वाचून बघा. उत्तर १६ येईल.