राजकीय भ्रष्टाचाराचे अर्थशास्त्र : सिमेंट वाटप प्रकरणाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

भ्रष्टाचाराची चर्चा आपल्याकडे बहुधा नीतिमत्तेच्या अंगाने होते. माणसे बिघडली म्हणून व्यवस्था बिघडली, असे मानले जाते. अर्थशास्त्र मात्र हाच प्रश्न वेगळ्या रीतीने मांडते. गैरव्यवहारातून लाभ किती, उघडकीस येण्याची शक्यता किती आणि शिक्षा किती, हे तीन घटक ते तपासते. गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये गुन्ह्याचे विश्लेषण याच पद्धतीने केले. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील सिमेंट वाटप प्रकरणाच्या आधारे राजकीय व्यक्तींच्या आर्थिक प्रेरणांचे विवेचन केले असून गावपातळीवर त्यांचे स्वरूप कसे असते, याचा विचार हिरकणीवाडीच्या (ता. महाड) संदर्भात केला आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

शासन एखाद्या वस्तूची किंमत बाजारभावापेक्षा कमी ठरवते आणि तिचे वाटप परवान्याने करते, तेव्हा दोन किमतींमधील फरक हा परवानाधारकास मिळणारा ‘खंड’ ठरतो. तो मिळविण्याच्या धडपडीत समाजाची साधनसामग्री वाया जाते, हे ॲन क्रूगर यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. रॉबर्ट क्लिटगार्ड यांच्या मते मक्तेदारी आणि स्वेच्छाधिकार वाढले व उत्तरदायित्व घटले की भ्रष्टाचार फोफावतो.

सिमेंट वाटप प्रकरण

१९८० च्या सुमारास देशात सिमेंटचा तुटवडा होता. किंमत व वितरण या दोहोंवर शासकीय नियंत्रण होते. मूळचे रायगड जिल्ह्यातील आंबेतचे असलेले बॅ. अ. र. अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. निराधारांसाठीच्या अनुदान योजनेमुळे त्यांची कारकीर्द आजही स्मरणात आहे. याच काळात ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ या न्यासाला बांधकाम व्यावसायिकांकडून देणग्या मिळाल्या. या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांत संबंध असल्याचा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये नोंदविला आणि अंतुले यांना पद सोडावे लागले.

क्लिटगार्ड यांचे तिन्ही घटक येथे दिसतात. वाटप शासनाच्या हाती होते, कोणाला किती द्यावे हे ठरविण्यास मोठी मुभा होती आणि त्या निर्णयांची माहिती जनतेपर्यंत सहजी पोहोचत नव्हती. शिवाय १९६९ पासून १९८५ पर्यंत कंपन्यांना राजकीय पक्षांस देणगी देण्यास कायद्याने मनाई होती. निवडणुकीचा खर्च मात्र थांबला नव्हता. उघड मार्ग बंद झाला की पैसा आडवाटेने येऊ लागतो, हे अशा प्रसंगी लक्षात घ्यावे लागते.

शिक्षा की धोरण?

पुढील फौजदारी प्रकरण अनेक वर्षे चालले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उच्च न्यायालयाकडे सोपविले आणि १९८८ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने तोच निर्देश रद्द ठरविला. अंतुले यांना शिक्षा झाली नाही. १९८९ मध्ये कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेवर पाठविले. बेकर यांच्या भाषेत, शिक्षेची शक्यता अल्प आणि मतदारांकडून होणारी हानी त्याहून अल्प ठरली. मतदार उमेदवाराचे मूल्यमापन एकाच निकषावर करीत नाहीत, हेही यातून दिसते.

याउलट, १९८२ मध्ये केंद्र शासनाने सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठविले आणि १९८९ मध्ये ते पूर्णतः गेले. दोन किमतींमधील फरक नाहीसा होताच सिमेंटच्या परवान्याला किंमत उरली नाही. जे न्यायालयीन लढ्याला साधले नाही, ते धोरणातील बदलाने साधले.

गावपातळीवरील स्वरूप

तथापि प्रत्येक खंड अशा रीतीने नष्ट करता येत नाही. रायगडाच्या पायथ्याशी, रज्जुमार्गाच्या तळाशी वसलेल्या हिरकणीवाडीसारख्या वस्तीला रस्ता, साकव, नळपाणी योजना हव्या असतात. या गोष्टी बाजारातून विकत घेता येत नाहीत. त्या शासनानेच पुरवायच्या असतात. कोणते काम आधी मंजूर करावयाचे, हा स्वेच्छाधिकार राहतोच. कामाचा दर्जा खालावून वाचविलेला पैसा मोजक्या हातांत जातो. तोटा मात्र साऱ्या वस्तीत विभागला जातो आणि तो पहिल्या मोठ्या पावसात दिसतो. महाडच्या कार्यालयात चौकशीस जाणाऱ्याची दिवसाची मजुरी बुडते, त्याला यश आले तर लाभ मात्र सर्वांना मिळतो. त्यामुळे चौकशी न करणे, हेच प्रत्येकाला वैयक्तिकदृष्ट्या परवडणारे ठरते.

म्हणूनच येथे उपाय उत्तरदायित्वाच्या बाजूने शोधावा लागतो. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार शासकीय कार्यालयांनी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. कामाचे अंदाजपत्रक व देयके गावातच फलकावर लागली, तर चौकशीचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो.

निष्कर्ष

१. भ्रष्टाचार हा केवळ चारित्र्याचा प्रश्न नसून प्रेरणांच्या रचनेचाही प्रश्न आहे.

२. जेथे कृत्रिम टंचाईतून खंड निर्माण होतो, तेथे ती टंचाई दूर करणे हा शिक्षेपेक्षा परिणामकारक उपाय ठरतो.

३. सार्वजनिक कामांत खंड पूर्णतः टाळता येत नाही. तेथे स्वेच्छाधिकार मर्यादित करणे आणि नागरिकाला माहिती विनासायास मिळवून देणे आवश्यक आहे.

४. कायद्याने अधिकार दिला, तरी तो वापरण्याची किंमत गरिबाला परवडत नसेल, तर तो कागदावरच राहतो. सुधारणांचे मूल्यमापन करताना ही किंमत प्रथम विचारात घेतली पाहिजे.